दाराबाहेरच्या चपला

आमचे आठवीचे वर्गशिक्षक शाळेच्या घंटेवरही विश्वास ठेवत नसत. घंटा झाली की पोरं दप्तर आवरायला लागायची, पण सर खिडकीतून वाकून शिपाईमामांना विचारायचे, "ही कुठली हो? तासाची की सुट्टीची?" मामा वैतागून म्हणायचे, "सर, रोज याच टायमाला हुती की." "असेल बुवा," असं म्हणून सर मनगटावरचं घड्याळ कानाला लावायचे. ते घड्याळ डिजिटल होतं. त्यातून टिकटिक येणं शक्य नव्हतं. पण तेवढं केल्याशिवाय त्यांचा तास संपत नसे.

ते इतिहास शिकवायचे. असल्या माणसाला इतिहास शिकवायला देणाऱ्याला मानलं पाहिजे. धडा रंगात आलेला असायचा, लढाई ऐन भरात असायची, आणि सर पुस्तक मिटून म्हणायचे, "असं दिलंय बरं का पुस्तकात. आपण काही बघायला गेलो नव्हतो." इंग्रज हा देश सोडून गेले, हेसुद्धा त्यांनी आम्हाला "गेले म्हणतात" अशाच शब्दांत सांगितलं. एकदा मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, मग परीक्षेत काय लिहायचं?" सर म्हणाले, "पुस्तकातलंच लिही. पेपर तपासणारा पण बघायला गेलेला नसतो."

शिक्षकांच्या खोलीतला चहा ते सगळ्यात शेवटी घ्यायचे. आधी दोघा-तिघांना पिऊ द्यायचे, त्यांची तोंडं निरखायचे, मग स्वतःचा कप उचलायचे. स्कूटर सुरू करण्याआधी दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून बघायचे, शाळेत येताना आणि घरी जातानाही. कोणी म्हणालं, "सर, मला काल ताप आला होता," की ते विचारायचे, "कोण म्हणतं?" पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "उद्या शाळेला सुट्टी" असा निरोप खुद्द मुख्याध्यापकांनी टाकला, तरी दुसऱ्या दिवशी सर शाळेच्या फाटकाशी येऊन कुलूप हलवून गेले होते. मामांनी ही गोष्ट महिनाभर सांगितली.

अशा माणसाच्या वर्गात मी जाऊन पडले, आणि संशय घेण्यात मीही काही कमी नव्हते. आमच्या घराण्याचाच तो गुण आहे. डेअरीवर दूध घालताना आबा, म्हणजे माझे वडील, फॅट मोजायच्या मशीनकडे असे टक लावून बघतात की तिथला पोरगा घामाघूम होतो. आई बाजारातून आणलेली साखर घरी पुन्हा तोलते. एसटीवर पाटी असली तरी आम्ही कंडक्टरला विचारतो, आणि कंडक्टरनं सांगितलं तरी शेजारी बसलेल्या बाईला विचारतो. त्यामुळे आठवीला बाजाराच्या गावच्या हायस्कुलात जायचं ठरलं, तेव्हा ते हायस्कूल मला पहिल्यापासून काही बरोबर वाटत नव्हतं.

आमची वस्ती पारनेरच्या माळावर. वस्तीवरची शाळा सातवीपर्यंत. दोन खोल्या, दोन गुरुजी, सगळ्या वर्गांची मिळून पोरं इतकी थोडी की एखादं गैरहजर असलं तर गुरुजी त्याच्या घरी जाऊन आईला विचारून यायचे. माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी सातवी करून घरी बसल्या होत्या. एकीचं लग्न झालं होतं, दुसरीचं बघणं चाललं होतं. मी रडून-भेकून आठवीला नाव घालायला लावलं. तेव्हा आबा म्हणाले, "दिवाळीपातूर जाय. रमली तर बघू. न्हाईतर आत्याकडं." आत्याचं श्रीरामपूरला ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि तिला हाताखाली पोरगी हवी होती. ती दर आठवड्याला फोन करून विचारायची, "पाठवतो का मग?" म्हणजे मला हायस्कुलात रमायला दिवाळीपर्यंतची मुदत होती. ती टळली की शिलाई मशीन.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. वस्तीवरच्या शाळेत आम्ही चपला दाराबाहेर काढायचो. खाली पट्टीवर बसायचो ना, मग चपला घालून कोण आत जाईल? सात वर्षांची सवय. हायस्कुलाच्या वर्गाशी आले, चपला काढल्या, भिंतीशी नीट जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी आत जाऊन बाकावर बसले. शेजारच्या मुलीनं माझ्या पायांकडे बघितलं. मग तिनं पुढच्या मुलीला कोपर मारलं. मग सगळा वर्ग वाकून वाकून बाकाखाली बघायला लागला. मला कळेना काय झालं. मी इतरांचे पाय बघितले. सगळ्यांच्या पायांत चपला, बूट, सँडल. तेव्हा मला कळलं, आणि धावत बाहेर गेले तर माझ्या चपला जागेवर नव्हत्या. दोन पोरं वर कौलांकडे बघून खिदळत होती.

तेवढ्यात सर आले. एक चप्पल कौलांवर आडवी पडलेली, दुसरी वळचणीला अडकलेली, खाली मी अनवाणी. सर कोणावर ओरडले नाहीत. फेकल्या कोणी, हेही विचारलं नाही. त्यांचा चेहरा मात्र असा काही उतरला की पोरांचं हसणं आपोआप थांबलं. त्यांनी मामांना शिडी आणायला सांगितली आणि स्वतःच वर चढले. प्रत्येक पायरीवर आधी एक पाय ठेवून दाबून बघायचे, खाली विचारायचे, "मामा, धरलीय ना? का धरल्यासारखं करताय?" असं करत करत त्यांनी दोन्ही चपला काढून आणल्या. माझ्या हातात देण्याआधी उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाले, "कुठली गं तू?"

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं. सरांनी ते स्वतःशी पुन्हा उच्चारलं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "असेल बुवा."

आडनाव कशासाठी विचारतात हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. माझं पित्त खवळलं. चपला काढून दिल्या, उपकार झाले, पण आडनावाशी तुम्हाला काय करायचंय? त्या दिवसापासून मी या माणसावर नजर ठेवायची असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मी चपला पायातच ठेवून बाकावर बसले, दोन्ही पाय बाकाखाली चांगले आत ओढून. घंटा झाली. सर दाराशी आले. थांबले. त्यांनी आपल्या सँडलचे पट्टे सोडले, सँडल दाराबाहेर भिंतीशी जोडीनं ठेवल्या, अगदी मी आदल्या दिवशी ठेवल्या होत्या त्याच जागी, आणि अनवाणी आत येऊन हजेरी घ्यायला लागले.

वर्गात पुन्हा हशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हा माणूस माझी नक्कल करतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका राहिली नाही. नाहीतर पन्नाशीचा माणूस एका रात्रीत असा अनवाणी कशाला शिकवायला लागेल? पण तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. पण सर अनवाणी आणि आपण बूट घालून, हे पोरांना चमत्कारिक वाटायला लागलं. आधी एक-दोघांनी गंमत म्हणून काढल्या, मग सगळ्यांनीच. मग अनवाणी बसायचं तर फरशी घाण कशी चालेल, म्हणून झाडू आला. महिनाभरात आठवी ब हा शाळेतला एकमेव वर्ग होता, ज्याच्या दाराबाहेर चपलांची रांग लागायची.

शाळेनं आमचं नाव 'देऊळ' ठेवलं. नववीची पोरं दारावरून जाताना हात वर करून घंटा वाजवल्यासारखं करायची. आणि मला म्हणायला लागली पुजारीण. मधल्या सुट्टीत चपलांची अदलाबदल व्हायची, एखादी दुसऱ्या वर्गात सापडायची, आणि सगळा राग माझ्यावर निघायचा. कोमल नावाची मुलगी माझ्या शेजारी बसायची. बसस्टँडजवळ तिच्या वडिलांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, पायात बक्कलवाल्या सँडल. त्या काढायला-घालायला तिला वेळ लागायचा आणि प्रत्येक वेळी ती म्हणायची, "तुझ्यामुळं हे सगळं." मी मनात म्हणायची, माझ्यामुळं नाही, त्या खवचट माणसामुळं.

हायस्कुलात बाकीही शिकायचं पुष्कळ होतं. गुरुजी नाही, सर म्हणायचं. दर तासाला माणूस बदलतो, एकाला आवडलेलं दुसऱ्याला चालत नाही. हजेरीला "हाय गुरुजी" म्हटलं की वर्ग हसून फुटतो. मी रोज बसमध्ये "प्रेझेंट सर, प्रेझेंट सर" असं तोंडातल्या तोंडात घोकायची. घरी मात्र विचारलं की "लई भारी हाय शाळा" म्हणून सांगायची. आबा माझ्याकडे डेअरीच्या मशीनकडे बघावं तसं बघायचे.

दिवाळी जवळ आली आणि सरांच्या सँडल गेल्या. शाळा सुटल्यावर सर वर्गात वह्या तपासत बसले होते, बाहेर येऊन बघतात तर भिंत मोकळी. दुसऱ्या दिवशी ते तसेच अनवाणी स्कूटरवर आले आणि वर्गात उभे राहून म्हणाले, "माझ्या सँडल नाहीत. कोणी नेल्या असं मी म्हणत नाही. त्या आपल्या आपण गेल्या असंही होऊ शकतं. आपण काही बघायला गेलो नव्हतो."

मागून आवाज आला, "सर, ती वस्तीवरची पोरगी रोज शेवटपर्यंत थांबती."

ते खरं होतं. माझी बस उशिरा असायची, म्हणून मी व्हरांड्यात बसून राहायची. सगळ्या वर्गानं वळून माझ्याकडे बघितलं. झालं, मी मनात म्हटलं, आता चोर ठरले की आबांना बोलावतील आणि आत्याचं दुकान ठरलेलंच. आणि सर, जे घंटेवर विश्वास ठेवत नाहीत, ते माझ्यावर कशाला ठेवतील?

सरांनी त्या पोराला उभं केलं. "तू बघितलंस का तिला नेताना?"

"नाही सर, पण..."

"तू बघितलंस का?"

"नाही."

"मग कोणी सांगितलं?"

"सगळेच म्हणतेत."

"सगळे बघायला गेले होते का?"

"बस खाली," सर म्हणाले, आणि पुस्तक उघडलं. त्यानंतर तास संपेपर्यंत त्यांनी आपलं ते नेहमीचं वाक्य उच्चारलं नाही.

मधल्या सुट्टीत मी सँडल शोधायला निघाले. स्वतःसाठीच निघाले होते, सरांसाठी नाही. मुताऱ्यांच्या मागे, शेजारच्या गोठ्याच्या बाजूला, विहिरीजवळ. जरा वेळानं मागे कोणीतरी आहे असं वाटलं. बघते तर कोमल. "तुझ्यावर उगाच आळ घेतला त्यांनी," ती म्हणाली, "चल, मी पण बघते." मला तिचाही संशय आला, पण चार डोळे बरे म्हणून तिला बरोबर घेतलं. पाण्याच्या टाकीमागे चिखलात एक सँडल सापडली, पट्टा पार चघळून टाकलेला. दुसरी शेवटपर्यंत मिळाली नाही. आम्ही ती काठीच्या टोकावर अडकवून मिरवत वर्गात नेली. सरांनी दातांचे वण बोटानं चाचपले, उजेडाकडे धरून बघितले आणि म्हणाले, "कुत्र्याचे दिसतात. असेल बुवा." सगळा वर्ग हसला, आणि या वेळी त्यात मीही होते.

त्यानंतर कोमल माझ्याबरोबर व्हरांड्यात बस येईपर्यंत थांबायला लागली. तिला घरी जायची घाई नसायची, मला बोलायला कोणीतरी हवं होतं. 'पुजारीण' हे नाव राहिलं, पण आता ते कोमल हाक मारायला वापरायची.

सहामाही परीक्षा झाली आणि पालकसभा लागली. आबा कधी शाळेत आले नव्हते. मला सोडायला आले तरी मोटारसायकल रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीशी लावायचे आणि तिथूनच परत फिरायचे. फाटकाच्या आत पाऊल नाही. त्या दिवशी मी मुद्दाम मागे लागले. ते आले, पण वर्गाच्या दाराशी येऊन खिळल्यासारखे उभे राहिले. बाहेर चपलांची रांग. पोरांच्या, पालकांच्या, कोमलच्या वडिलांचे बूट, आणि कडेला सरांच्या नव्या सँडल. आत सगळे अनवाणी. आबांनी त्या रांगेकडे बराच वेळ बघितलं. मग आपल्या चपला काढल्या, रांगेच्या शेवटी ठेवल्या आणि आत आले. कोणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

आणि इथं मला पुन्हा सरांचा संशय आला. प्रत्येक पालकाला ते दहा प्रश्न विचारत होते. रात्री पोरगा किती वाजता झोपतो, मोबाईल कोणाकडे असतो, अभ्यास करतो म्हणता तर तुम्ही बघितलंत का. आबांची पाळी आली तेव्हा त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. गुणपत्रक पुढे केलं, "मुलगी चांगली आहे, शिकू द्या," एवढं म्हणाले, तेही आबांच्या तोंडाकडे न बघता.

परतताना माळावर आबांनी गाडी थांबवली. बाभळीखाली उभं राहून ते म्हणाले, "म्या बी ह्याच शाळंत आल्तो. आठवीला."

मला माहीतच नव्हतं. घरात कोणी कधी बोललं नव्हतं.

"पैल्याच दिशी चपला भाईर काढल्या. वस्तीवरची सवय. पोरांनी कौलांवर फेकल्या. आख्खा वर्ग हसला. मास्तर बी हसला. अनवानी घरी आलो, चार कोस. परत गेलो न्हाई." मग विचारलं, "तुझ्या चपलांवर कुनी हसतंय का?"

"नाही आबा," मी म्हटलं. तोवर ते खरं झालं होतं.

घरी पोचेपर्यंत आत्याचा फोन आलाच. आबा म्हणाले, "न्हाई. ती शाळंत हाय." फोन ठेवला आणि म्हशींना पाणी पाजायला गेले. मी आत जाऊन आईच्या गळ्यात पडून रडले. दिवाळी गेली, वार्षिक परीक्षा गेली, मी नववीत गेले. नववीच्या वर्गात सगळे चपला घालून बसायचे. पहिले काही दिवस मला पाय फार जड वाटले.

आता मी श्रीरामपूरला आत्याकडेच राहते, पण ब्लाउज शिवायला नाही. फार्मसीला आहे. यंदा सर निवृत्त झाल्याचं कोमलनं कळवलं, म्हणून मी गावी आले तेव्हा त्यांच्या घरी गेले. घर बसस्टँडच्या मागेच. सरांनी मला ओळखलं, पण खात्रीसाठी आठवी ब चे दोन प्रश्न विचारले. चहा झाला. त्यांनी मी पिईपर्यंत वाट बघितली. मग मी सरळ विचारलं, "सर, त्या वर्षी तुम्ही चपला का काढायला लागलात?"

"पाय गरम व्हायचे माझे."

"मला नाही पटत."

"का बरं?"

"सर, तुमच्याच वर्गात होते मी."

ते हसले. मग कप बशीत ठेवला. म्हणाले, "मी याच शाळेत शिकलो. आठवीत असताना एक पोरगा आला होता, वस्तीवरचा. चपला दाराबाहेर काढून बसला. आमच्यातल्या पोरांनी त्या कौलांवर टाकल्या. टाकणारा मी नव्हतो. पण हसलो मी. मोठ्यानं हसलो. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, कधीच आला नाही." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे पुस्तकातलं नाही. हे मी बघितलंय."

मी म्हटलं, "सर, ते माझे आबा."

मला वाटलं ते म्हणतील, असेल बुवा. ते म्हणाले, "आडनाव ऐकलं तेव्हाच मला संशय आला होता. सभेला आले तेव्हा पटलं. पण विचारायची हिंमत झाली नाही. अजून झालेली नाही." मला त्यांचा रागही आला आणि कीवही, दोन्ही एकदमच. वर्षभर मी ज्या माणसावर पाळत ठेवली, तो माझ्याच बापाला घाबरून होता.

मी बाहेर जाऊन आबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग आबा म्हणाले, "येऊ दे त्यांना."

आत आले तर सर उभे होते, हातात स्कूटरची किल्ली. "काय म्हणाले?"

"या म्हणाले."

"खरंच म्हणाले? का तू मनानं सांगतेस?"

"सर, चला आणि बघा."

"चल," ते म्हणाले, "बघायला जाऊ."

दोन्ही टायर दाबून बघितले आणि मग आम्ही निघालो. ते पुढे, मी माझ्या स्कुटीवर मागे. वस्तीवर पोचलो तेव्हा आबा अंगणात उभे होते. सर ओट्याशी आले, वाकले, सँडलचे पट्टे सोडले, सँडल भिंतीशी जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी उंबऱ्याशी उभे राहिले.

"आत या," आबा म्हणाले. मग ते खाली वाकले आणि त्यांनी सरांच्या सँडल स्वतःच्या हातानं उचलल्या. "भाईर नका ठिऊ. हितली कुत्री लई वंगाळ हायेत."

आणि त्या आत नेऊन त्यांनी आपल्या चपलांशेजारी ठेवल्या.